आवंढा

गुप्तता पाळण्यात वहीवालीचा हात धरणारं कोणी नव्हतं. धुलाई कारखान्यातल्या एकेचाळीस माणसांशी ती सहा महिने बोलली, पण त्यांतलं एक नाव तिनं सख्ख्या बापालाही कळू दिलं नाही. प्रत्येकाला तिनं एक खूण दिली, क-१ पासून क-४१ पर्यंत. वयं चार-दोन वर्षांनी इकडची तिकडे केली. दोन बायकांना कागदावर पुरुष केलं, एका पुरुषाला बाई केलं. नावांची यादी कपाटात, कपाटाची किल्ली पर्समध्ये आणि पर्स काखेत. एवढा सगळा बंदोबस्त केला आणि मग अहवालाच्या मुखपृष्ठावर, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, क-१७चा शब्द छापून टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त इथे हात दुसरीचा होता.

वहीवाली म्हणजे विद्यापीठात व्यवस्थापन शिकवणारी प्राध्यापिका. वहीवाली हे नाव तिला कारखान्यात पडलं, कारण ती सदान्‌कदा छातीशी वही धरून उभी असायची. तिच्या संशोधनाचा विषय सांगायला सोपा होता आणि कुठल्याही साहेबाला ऐकायला जड. संस्था बुडतात कशा, आणि बुडणार हे आधी कळतं कोणाला? तिचं म्हणणं असं, की ते सगळ्यांत खालच्या माणसाला कळतं. घोडं कुठे पेंड खातंय हे तो रोज डोळ्यांनी बघत असतो. पण त्याला विचारायची कोणाची पद्धत नसते, आणि न विचारता सांगायची त्याची पायरी नसते.

कारखाना सात रुग्णालयांच्या चादरी धुवायचा. मळक्या चादरींच्या गाड्या मागच्या दारानं आत यायच्या, घड्या घातलेल्या चादरी पुढच्या दारानं बाहेर जायच्या. माणसांचंही तसंच होतं. निळ्या कार्डाचे कायम कामगार पुढच्या दारानं यायचे. पिवळ्या कार्डाचे, म्हणजे ठेकेदाराचे, मागच्या दारानं, मळक्या चादरींबरोबर. पाण्याचे नळ वेगळे, जेवायची बाकं वेगळी. यातलं काहीच लपूनछपून नव्हतं. विचारलं तर कोणीही सांगायचं, "पहिल्यापासून असंच आहे."

पण वहीवालीला खरं घबाड सापडलं ते बिघाडवहीत. यंत्राचं काही बिनसलं तर लिहायची ही वही सुपरवायझरच्या खोलीबाहेर दोरीला बांधलेली असायची, पेनही दोरीलाच. प्रत्येक नोंदीपुढे कार्डाच्या नंबरासाठी चार चौकोन छापलेले. निळ्या कार्डाचा नंबर चार आकडी होता आणि पिवळ्याचा सहा आकडी. पिवळ्या कार्डानं वहीत लिहू नये असा नियम कुठेही नव्हता. नियमाची गरजच नव्हती, चौकोनच पुरत नव्हते. सहा महिन्यांत तिनं पिवळ्या कार्डांच्या तोंडून धोक्याच्या त्रेपन्न सूचना ऐकल्या. त्यांतल्या वहीपर्यंत पोचल्या दोन. बाकी सगळा तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या त्रेपन्नांतल्या एकोणीस एकट्या मावशीच्या होत्या.

तशा पिवळ्या कार्डाच्या सगळ्याच वयस्क बायकांना कारखान्यात मावशी म्हणायचे. हे एक बरं असतं; मावशी म्हटलं की माया दिसते, आणि मावशीला बढती द्यावी लागत नाही. पण नुसतं 'मावशी' म्हटलं की ती इस्त्रीच्या मोठ्या रोलरमागच्या घडीच्या टेबलावरची. रोलर म्हणजे वाफेनं तापलेले, कापड गुंडाळलेले लांबलचक लोखंडी दंडगोल. पुढच्या बाजूला दोघीजणी ओली चादर कडेला धरून आत सोडायच्या. मागच्या बाजूनं ती कोरडी, कडक होऊन बाहेर यायची आणि मावशी तिची घडी घालायची. पुढच्या दोघींतली एक मावशीची सून. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून दोनदा घरी टेकायचा. "आमचं बरं आहे," मावशी म्हणायची. "सासू मागं, सून पुढं, मध्ये वाफ. भांडायची इच्छा झाली तरी तोंड दिसत नाही."

हा रोलर अधूनमधून अडायचा. क्षणभरच. आणि मग अडलेली चादर हिसका मारून आत ओढायचा. त्या हिसक्याला जिच्या मुठीत चादरीची कड असेल तिचा हातही आत जायची भीती. म्हणून पुढे एक आडवी पट्टी होती. तिला बोट लागलं की यंत्र बंद. पण यंत्र वरचेवर बंद पडतं म्हणून सुपरवायझरनं ती पट्टी चिंधीनं वर बांधून ठेवली होती. मग उरली एकटी मावशी. अडण्याआधी रोलर एक आवाज करतो, असं तिचं म्हणणं. तो आवाज आला की ती टेबलावर तळव्यानं दोनदा थाप मारायची आणि पुढच्या दोघी चादर सोडून द्यायच्या. चार वर्षं सगळं त्या थापेवर चाललं होतं.

"कसला आवाज?" वहीवालीनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"आवंढा गिळतो तो," मावशी म्हणाली. "माणसाला बोलायचं असतं, बोलता येत नाही, मग कसं गिळतं? तस्सं. हां, आत्ता. ऐकलंत?"

दोन थापा पडल्या, चादर सुटली, हिसका बसला.

वहीवालीला काहीही ऐकू आलं नव्हतं. वाफेची फुसफुस, पंख्यांचा घोंगाट, धुण्याच्या यंत्रांची घरघर. त्यातून काय वेगळं काढायचं? पण समोर एक बाई आपल्याजवळचं सगळ्यांत मोलाचं उघडून दाखवत होती. बोलणाऱ्याचा हिरमोड करू नये हे वहीवाली स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायची. "हो, आलं," ती म्हणाली.

मावशीचा चेहरा असा खुलला, की नंतर खरं सांगायचं तोंडच उरलं नाही. "बघा," मावशी म्हणाली, "सुनेला चार वर्षांत येईना. तुम्हाला पहिल्याच दिवशी आलं. शिकलेल्या माणसाचा कानच निराळा." पुढे सहा महिने मावशी "ऐकलंत?" विचारायची आणि वहीवाली "हो" म्हणून घड्याळात बघून वेळ टिपायची.

एका रविवारी मावशी तिच्या घरी आली, कारण कारखान्यात तासभर निवांत बोलायला जागा नव्हती. घरी वहीवाली आणि तिचे वडील दोघंच. वडील निवृत्त मुद्रितशोधक. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढून आता घरात काढायचे. मावशीनं चहाचा कप ठेवला आणि स्वयंपाकघराकडे कान केला.

"तुमचा फ्रिजही आवंढा गिळतोय. महिन्याभरात बसेल."

"मला काही येत नाही ऐकू," वडील म्हणाले. "माझे कान कधीच गेले."

"यांना येतंय की. काय मॅडम?"

"हो, येतोय," वहीवाली म्हणाली. फ्रिज सव्विसाव्या दिवशी बसला.

अहवाल झाला. नाव दिलं 'आवंढा गिळणारी संस्था'. वडिलांनी तीन रात्री बसून मुद्रितं तपासली, बावीस चुका काढल्या आणि म्हणाले की शीर्षक फक्कड आहे. परवानगीच्या अटीप्रमाणे एक प्रत कारखान्याला गेली. व्यवस्थापकाचं आभाराचं पत्रही आलं. आणि अकराव्या दिवशी सकाळी साडेसहाला मावशीचा फोन आला.

"मॅडम, माझ्या कार्डाला दार उघडेना. लाल दिवा लागतोय. सुनेच्या कार्डाला उघडलं, ती आत गेली. मी बाहेर आहे."

"पुन्हा लावून बघा, मावशी."

"सात वेळा लावलं. पहारेकरी म्हणतो, मावशी, उगाच यंत्र खराब करू नका." मग ती म्हणाली, "आता आत टेबलावर कोण आहे कोण जाणे."

वहीवालीनं फोन ठेवला. वडील पेपरातून डोकं वर काढून बघत होते. तिनं सांगितलं तेव्हा ते उठले, कपाटातून अहवालाची प्रत काढून टेबलावर ठेवली.

"हा शब्द त्या फ्रिजवाल्या बाईंचा ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, असं दुसरं कोण बोलतं? मी पहिल्याच वाचनात ओळखलं. मला वाटलं, त्यांचा मान म्हणून ठेवलास."

एक कप चहा घेण्यापुरती भेटलेली बाई बापानं मुखपृष्ठावरून ओळखली. मग चार वर्षं तिच्या आसपास वावरलेल्यांना कितीसा वेळ लागला असेल? वडील चष्मा काढून पुसत राहिले. "मी ऱ्हस्वदीर्घ तपासले," ते म्हणाले. "माणूस तपासायचं राहून गेलं."

दुपारी ती व्यवस्थापकासमोर होती. हा फार गोड माणूस. उठून खुर्ची सरकवायचा, पाणी विचारायचा, आणि समोरच्याचं बोलणं असं मान डोलवत ऐकायचा की बोलणाऱ्याला आपण जिंकलो असं वाटावं. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, हे त्याच्याइतकं कोणाला साधलं नसेल.

"अहवाल दोनदा वाचला मी," तो म्हणाला. "तुमच्या शिफारशी अमलातही आणल्या. नवी बिघाडवही बघितलीत ना बाहेर?"

तिनं बघितली होती. व्यवस्थापकाच्या काचेच्या खोलीसमोर टेबल, त्यावर कोरी करकरीत वही, पेनाला दोरी नाही, बसायला खुर्ची. प्रत्येक नोंदीपुढे सहा चौकोन. आणि बरोबर डोक्यावर कॅमेरा, वहीच्या सुरक्षिततेसाठी.

"सगळ्यांना खुली आहे. आठ दिवस झाले, एक तक्रार नाही. हे तुमचं यश आहे, मॅडम."

"घडीच्या टेबलावरच्या मावशींना का काढलं?"

"ठेकेदाराची माणसं हो ती. आम्ही त्यांना ठेवत नाही आणि काढतही नाही." मग तो जरासा पुढे वाकला. "का? त्या होत्या का तुमच्या अहवालात?"

हो म्हणावं तर दिलेला शब्द मोडला, नाही म्हणावं तर मावशीचा हक्कच संपला. "ते मला सांगता येणार नाही," ती कशीबशी म्हणाली.

"मग झालं तर."

"निदान ती चिंधी सोडा. रोलरची पट्टी बांधून ठेवली आहे. कोणाचा तरी हात जाईल."

"हे असं तोंडी नको. वहीत येऊ दे, लगेच बघतो."

ती उठली, बाहेर जाऊन पेन उचललं आणि थांबली. सहा चौकोन होते. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावर नंबर नव्हता, नुसतं 'पाहुणा' लिहिलेलं होतं. काचेतून व्यवस्थापक हसून मान डोलवत होता.

ठेकेदार एका शटरच्या गाळ्यात बसायचा. तो निदान आडपडदा न ठेवता बोलला. "वरून फोन आला. म्हणाले, आवंढा कोण म्हणतं तुमच्यात? मी आपलं हसतच सांगितलं, आमची मावशी. तिला डबा उघडेना तरी म्हणते डबा आवंढा गिळतोय. मला काय माहीत, हे कशासाठी विचारतात? नाव मी सांगितलं खरं, पण विषय तुम्ही काढलात." दोन-तीन महिन्यांनी दुसरीकडे लावून बघतो, असं तो म्हणाला. कामगार खात्याच्या खिडकीवरच्या बाईनं सांगितलं की तक्रार कामगारानं स्वतः, पुराव्यासकट करायची असते. पुरावा म्हणजे वहीवालीच्या कपाटातली यादी.

ती यादी बाहेर काढू का, हे विचारायला ती विभागप्रमुखांकडे गेली. ते तिचे गुरू. संस्थांचं आजारपण या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा मानत, आणि त्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत एकाही कारखान्यात पाऊल ठेवलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायला वरून चांगलं दिसतं असं त्यांचं मत असावं.

"क-१७ म्हणजे ती बाई, हे तू कबूल केलंस की बाकीचे चाळीस उघडे पडले," ते म्हणाले. "त्यांना काढलं तर? आणि तुझ्याशी पुढे कोण बोलेल?"

"मग मी काय करू, सर?"

"काही करू नकोस. जे घडलं ते टिपून ठेव, तुझ्या सिद्धांताला बळकटीच आहे." ती दाराशी पोचल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि शीर्षकाला हात लावू नकोस हं. शब्द फार सुंदर आहे."

संध्याकाळी ती मावशीच्या घरी गेली. दोन खोल्या, एका भिंतीला पलंग, आणि पलंगावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कपड्यांचा ढीग. मावशी घड्या घालत होती. हातांना सवय असते, रिकामे राहिले की दुखतात, असं ती म्हणाली. वहीवालीनं सगळं सांगितलं: मुखपृष्ठ, फोन, ठेकेदार. आपण हिच्या पायावर डोकं ठेवावं असं तिला वाटत होतं, आणि त्यानं काही होणार नाही हेही कळत होतं.

"तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" मावशी म्हणाली. "माझं मेलीचं तोंडच तसं. माझं नका बघू. हिचं बघा."

सून नुकतीच पाळी संपवून आली होती, पंजे चोळत उंबऱ्यात बसली होती. दिवसभरात दोनदा हिसका बसला, तिनं सांगितलं. एकदा कड सुटली, एकदा नखाला चाटून गेली. मागे टेबलावर नवीन मुलगी आहे, तिला काही माहीत नाही.

"उद्यापासून जाऊ नकोस," वहीवाली म्हणाली.

"एकीनं तरी जायलाच हवं, मॅडम. चूल दोघींची आहे."

"मग त्या नव्या वहीत लिही. आता सहा चौकोन आहेत."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच वहीवालीला सोसेना. "तुमच्या वहीत सासूबाई बोलल्या, त्या घरी बसल्या. आता साहेबांच्या वहीत मी बोलू? वही बघून सगळे लांबून वळसा घालून जातात. तिथली फरशीसुद्धा मळत नाही."

मावशीनं एक सदरा झटकला, बाह्या मागे घेतल्या, घडी घातली. मग एकदम तिचे हात थांबले.

"मॅडम, तुम्हाला ऐकू येतं की."

वहीवालीला आधी समजलंच नाही.

"आवंढा हो. तुम्हाला येतो ऐकू. तुम्हाला आत सोडतात. पंधरा दिवस माझ्या जागेवर उभ्या राहा आणि थाप मारा. तोवर मी हिच्यासाठी दुसरीकडं बघते. एवढं करा. दुसरं काही नको मला तुमच्याकडून."

खरं सांगायची वेळ होती ती हीच. एक वाक्य: मावशी, मला कधीच ऐकू आलेलं नाही. वहीवालीनं तोंडही उघडलं. पण सून उंबऱ्यातून उठून उभी राहिली होती आणि तिचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा सैल झाला होता. दिवसभर ज्याच्या त्याच्या दारातून हात हलवत परतलेल्या वहीवालीला कोणीतरी एक काम सांगत होतं, आणि ते जमणार नाही असं म्हणणं तिला झालं नाही. लक्ष देऊन ऐकलं तर येईल, तिनं मनाशी म्हटलं. आपण कधी नीट प्रयत्नच केला नाही.

"जाते," ती म्हणाली.

व्यवस्थापकानं आनंदानं परवानगी दिली. शिफारशी कशा रुजल्या ते बघायला मॅडम आल्या आहेत, असं त्यानं सुपरवायझरला सांगितलं. पहिल्या दिवशी वहीवाली घडीच्या टेबलाशी नव्या मुलीशेजारी उभी राहिली, डोळे मिटले आणि ऐकू लागली. फुसफुस, घोंगाट, घरघर. एकदा काहीतरी वेगळं वाटलं, तिनं थाप मारली. पुढच्या दोघींनी चादर सोडली. हिसका आला नाही. चादर तिरकी आत गेली आणि चुरगळून बाहेर आली. मग दर दोन-तीन मिनिटांनी तिला काहीतरी वेगळं वाटू लागलं. भीतीनं कान इतके भरले होते की प्रत्येक आवाज आवंढाच वाटायचा. दुपारपर्यंत चुरगळलेल्या चादरींचा ढीग कमरेइतका झाला. पण हिसका आला तेव्हा दोन्ही वेळा थाप नेमकी पडलेली होती. इतक्या थापांत एखादी बसणारच. सुनेनं वाफेतून तिच्याकडे बघून मान हलवली. वहीवालीला रडू कोसळायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला. "मॅडम, टेबल वाजवू नका. चादरी पुन्हा धुवाव्या लागतात. आणखी चुरगळल्या तर चादर सोडणारीच्या कार्डावर लिहावं लागेल मला." म्हणजे थाप चुकली तर सुनेचं कामही जाणार. वहीवालीनं तळवा टेबलावर उलटा ठेवला. आता खात्री झाली तरच मारायची, तिनं ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर तिच्या लक्षात आलं की खात्री तिला कधीच होणार नाही.

त्या दिवशी एकच हिसका आला आणि तो रिकामा गेला. दोन चादरींच्या मधला होता, कोणाचा हात नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ती पिवळ्या बाकांकडे गेली. आता सांगायचंच.

"मला तुझ्याशी बोलायचं आहे."

"मलापण," सून म्हणाली. "मॅडम, तुम्ही मागं आहात ना, तर हात थरथरत नाहीत आता. काल खूप वेळा वाजवलंत, आज कमी. सासूबाईंचंही पहिल्या दिवशी असंच झालं होतं म्हणे. बसतो हळूहळू कान." आणि तिनं आपल्या डब्यातला अर्धा घास झाकणावर काढून पुढे केला. "तुमचं काय होतं?"

"काही नाही. उद्या बोलू," वहीवाली म्हणाली.

आजचं काम उद्यावर टाकायला माणसाला दोन गोष्टी लागतात, आळस आणि आशा. वहीवालीजवळ आळस नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ती टेबलाशी उभी होती. हात तळव्यासकट वर उचललेला होता, टेबलापासून वीतभर. तिला काहीतरी वाटलं होतं. ते खरं आहे की कालच्यासारखं नुसतंच वाटतंय, याचा ती विचार करत होती. विचार करायला लागतो तेवढाच वेळ गेला. चादर जागच्या जागी थांबली, मग तिच्या डोळ्यांसमोर सर्रकन पुढे आली, आणि पलीकडून जी किंकाळी आली ती सुनेची नव्हती, शेजारच्या बाईची होती. सुनेनं आवाजच काढला नाही. निळ्या कार्डाचा एक मेकॅनिक धावत येऊन बटण दाबेपर्यंत चादर पुढे येत राहिली. ती कोरडी होती, कडक होती, आणि तिच्या कडेला जे लागलेलं होतं ते वहीवालीनं बघितलं. वर उचललेला हात तिनं खाली घेतला नव्हता.

ज्या रुग्णालयात सुनेला नेलं ते त्या सातांपैकीच एक होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. पंजा राहील की नाही ते दोन दिवसांनी सांगू, असं डॉक्टर म्हणाले. सून औषधाच्या गुंगीत होती. तिच्या अंगाखालच्या चादरीच्या कोपऱ्यावर कारखान्याचा निळा शिक्का होता. व्यवस्थापकाचा फोन येऊन गेला होता. त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि वहीत आधी कोणतीही सूचना नव्हती हे तुम्ही साक्षीदार म्हणून लिहून द्याल ना, असं त्यानं विचारलं होतं.

"नाही," वहीवालीनं सांगितलं होतं. "सूचना होत्या. मी त्या लिहून घेतल्या आहेत, नावानिशी. आता ते नाव सगळ्यांना सांगते मी." फोन ठेवताना तिला कळलं की हे वाक्य चार दिवस उशिरा आलं.

मावशी आली ती आधी सुनेपाशी गेली. तिच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर येऊन बाकावर वहीवालीशेजारी बसली. आतल्या यंत्राची टिकटिक सोडली तर व्हरांड्यात दुसरा आवाज नव्हता.

"त्यांनी टेबलाशी उभं राहू दिलं नाही का तुम्हाला?" मावशीनं विचारलं. तिला कारण हवं होतं आणि तिनं ते सगळ्यांत चांगलं शोधून आणलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"उभी होते," वहीवाली म्हणाली. "तिथेच होते. मला ऐकू आलं नाही."

"आज गडबड जास्त असेल."

"नाही, मावशी. मला कधीच ऐकू आलं नव्हतं."

मावशीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशीही नाही."

"आणि फ्रिजचा?"

"नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं. मग हो म्हणत राहिले."

मावशीनं बोलायला तोंड उघडलं. वहीवाली वाट बघत बसली. शिव्या येऊ देत, शाप येऊ देत, काहीही येऊ दे, असं तिला वाटत होतं. मावशीचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. तिनं तोंड मिटलं. सुरकुतलेल्या गळ्यावरून काहीतरी हळूच एकदा वर गेलं आणि खाली आलं. तो आवाज वहीवालीला ऐकू आला.